वळणाचा जमाखर्च

पसरणीच्या किंवा कुंभार्लीच्या घाटातून एस.टी.ने नेहमी जा-ये करणाऱ्या मंडळींच्या ध्यानात एक गोष्ट केव्हा ना केव्हा आलेली असतेच. एखाद्या चालकाच्या गाडीत बसले म्हणजे प्रत्येक वळणावर उतारू एकमेकांच्या अंगावर कलंडतात, ब्रेक किंचाळतात, फळीवरची बोचकी खाली येतात, आणि एवढा आकांत करूनही गाडी मुक्कामाला पोहोचते ती नेहमीच्याच वेळेला. उलट दुसऱ्या एखाद्या चालकाच्या गाडीत सुखाची डुलकी लागते, घाट कधी संपला ते कळत नाही, आणि खाली उतरून घड्याळ पाहावे तर दहा मिनिटे वाचलेली असतात. गाडी त्याच आगारातली, रस्ता तोच, इंजिनही त्याच बनावटीचे. मग ही दहा मिनिटे वाचली कुठे?

हे कोडे अगदी निर्भेळ स्वरूपात पाहावयाचे असेल, तर जर्मनीच्या आयफेल पर्वतातील न्यूर्बुर्गरिंग या शर्यतीच्या मार्गाकडे वळावे लागते. 1927 साली खुला झालेला हा मार्ग डोंगर, दऱ्या आणि अरण्य यांतून चढत-उतरत जातो. तीस वर्षांनंतर, म्हणजे 1957 साली, त्याच्या एका फेरीची लांबी 22.8 किलोमीटर होती, आणि तेवढ्या अंतरात सुमारे पावणेदोनशे वळणे होती. त्या वर्षीच्या जर्मन ग्रां प्री शर्यतीपूर्वीच्या सरावात अर्जेंटिनाच्या हुआन मॅन्युएल फँजिओ यांनी ही फेरी 9 मिनिटे 25.6 सेकंदांत पुरी केली, आणि ती सर्वांत जलद ठरली. फँजिओ त्या वेळी सेहेचाळीस वर्षांचे होते, चार वेळा जगज्जेते झालेले होते. त्यांनी आपली पराकाष्ठा केली असणार, असे कोणीही म्हटले असते. पण 4 ऑगस्टच्या प्रत्यक्ष शर्यतीत, विसाव्या फेरीला, त्याच मनुष्याने त्याच मॅसेराती 250 एफ गाडीतून तोच मार्ग 9 मिनिटे 17.4 सेकंदांत कापला. इंजिनाची शक्ती दोन दिवसांत वाढलेली नव्हती. आठ सेकंद निघाले ते चालवण्याच्या पद्धतीतून.

वेगाने मोटार चालवणे हा धाडसाचा प्रांत आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. माझ्या मते तो बहुतांशी हिशेबाचा प्रांत आहे, आणि धाडसाला त्यात जागा आहे ती हिशेब चोख झाल्यानंतरची.

उत्पन्न ठरलेले, खाती दोन

मोटार कितीही बलाढ्य असो, तिचा रस्त्याशी संबंध येतो तो चार टायरांच्या, प्रत्येकी तळहाताएवढ्या, टेकलेल्या भागांपुरताच. इंजिनाची शक्ती, ब्रेकांचा जोर आणि स्टिअरिंगचा हुकूम ही सर्व मंडळी या चार लहानशा तुकड्यांमार्फतच रस्त्यापर्यंत पोहोचतात. या तुकड्यांना रस्ता धरून ठेवण्याची जी क्षमता असते तिला आपण पकड म्हणू. ही पकड अमर्याद नाही. चांगल्या कोरड्या डांबरी रस्त्यावर ती ढोबळमानाने गाडीच्या वजनाइतकी धरावी. पाऊस पडला की ती झपाट्याने घटते.

आता ठरीव तनख्यावर संसार चालवणाऱ्या कारकुनाप्रमाणे या पकडीकडे पाहावे. महिन्याची रक्कम निश्चित, वाढीची आशा नाही, आणि खर्चाची खाती मुख्यतः दोन: एक गती बदलण्याचे, मग ती ब्रेक लावून कमी करावयाची असो वा ॲक्सिलरेटर दाबून वाढवावयाची, आणि दुसरे दिशा बदलण्याचे, म्हणजे वळण्याचे. वळणावर असताना ब्रेक दाबला म्हणजे दोन्ही खात्यांवर एकाच वेळी खर्च पडतो, आणि दोहोंची मागणी उत्पन्नाच्या पलीकडे गेली की टायर सरकू लागतात. पुढचे टायर आधी फितूर झाले, तर स्टिअरिंग कितीही फिरवले तरी गाडी सरळच जाऊ पाहते. यास अंडरस्टीअर म्हणतात. मागचे आधी फितूर झाले, तर गाडीची शेपटी बाहेर येते आणि वेळीच सावरले नाही तर गाडी स्वतःभोवती गिरकी घेते. यास ओव्हरस्टीअर म्हणतात.

येथवरचे कोणाही जबाबदार गृहस्थास पटेल. परंतु या जमाखर्चात एक चमत्कारिक कलम आहे, आणि जलद चालकाचे अर्धेअधिक कसब त्या कलमावर उभे आहे. पकडीचे एकंदर उत्पन्न 10 रुपये समजा. त्यांतील 6 रुपये वळण्यावर खर्च झाले, तर ब्रेकसाठी किती उरले? व्यवहारी मनुष्य 4 म्हणेल; प्रत्यक्षात 8 उरतात. कारण वळण्याचे बल गाडीच्या आडव्या दिशेने आणि ब्रेकाचे बल लांबीच्या दिशेने लागते. ही दोन बले परस्परांशी काटकोनात असल्यामुळे त्यांची बेरीज शाळेतल्या काटकोन त्रिकोणाच्या नियमाने होते. सहाचा वर्ग छत्तीस, आठाचा चौसष्ट, मिळून शंभर, म्हणजे दहाचा वर्ग. दहा रुपयांच्या मिळकतीत चौदा रुपयांचा व्यवहार!

याचा अर्थ असा की, जो नवशिका सरळ रस्त्यावर सगळा ब्रेक लावून घेतो, तो सोडतो, मग वळतो, वळण पुरते संपल्यावर ॲक्सिलरेटरवर पाय ठेवतो, आणि असे एका वेळी एकच काम करून आपण सुरक्षित राहिलो असे मानतो, तो आपल्या मिळकतीचा मोठा भाग दर वळणावर फुकट घालवीत असतो. कसलेला चालक ब्रेक सोडत सोडत वळतो, आणि वळण सोडत सोडत गती घेतो. ही मुभा टोकाला जाऊन मात्र मिळत नाही. दहाचे दहा रुपये वळण्यावर घालवले असतील तर ब्रेकच्या खात्यात दमडीही शिल्लक नसते; पण वळण्यातला अर्धा रुपया कमी करून साडेनऊवर आणला, की त्याच क्षणी तीन रुपये मोकळे होतात. भर वळणात स्टिअरिंग केसभर सैल सोडल्याबरोबर गाडी एकाएकी आज्ञाधारक होते, असे चालक सांगतात, त्याचे रहस्य या अर्ध्या रुपयात आहे.

रुंद रस्त्यावरचा अरुंद मार्ग

वळण्याचा खर्च किती येणार हे दोन गोष्टींवर ठरते: वेग, आणि वळणाची त्रिज्या. वेग दुप्पट झाला की खर्च चौपट होतो; त्रिज्या दुप्पट झाली की खर्च निम्मा होतो. तेव्हा त्याच पकडीत अधिक वेगाने जावयाचे असेल तर वळणाची त्रिज्या वाढवावी, हे ओघानेच आले. पण रस्ता तर सरकारने किंवा मार्गाच्या मालकाने एकदाच बांधून ठेवलेला; त्याची त्रिज्या चालक कशी वाढवणार?

रस्त्याच्या रुंदीचा उपयोग करून. एक काटकोनी वळण घ्या, ज्याच्या आतल्या काठाची त्रिज्या 25 मीटर आहे आणि ज्याची उपयोगात आणण्याजोगी रुंदी 8 मीटर आहे. आतल्या काठाला धरून जाणाऱ्या गाडीला, पकड वजनाइतकी धरली तर, ताशी सुमारे 56 किलोमीटरच्या पुढे जाता येणार नाही. रस्त्याच्या मध्यावरून जाणाऱ्याला ताशी 60 किलोमीटर मिळतील. पण जो चालक बाहेरच्या काठावरून वळणात शिरतो, मध्यावर आतल्या काठाला स्पर्श करतो आणि बाहेर पडताना पुन्हा बाहेरच्या काठापर्यंत गाडी वाहू देतो, त्याच्या वाटेची त्रिज्या भूमितीने मोजली तर 52 मीटर भरते, आणि त्याला ताशी 81 किलोमीटर वेगाने तेच वळण घेता येते. आठ मीटर डांबराने ही पंचवीस किलोमीटरांची कमाई करून दिली, आणि ती करताना धाडसाचा संबंध कोठेच आला नाही.

बाहेर, आत, बाहेर असा हा जो मार्ग, त्याला रेसिंग लाइन म्हणतात, आणि आतल्या काठाला जेथे गाडी सर्वांत जवळ येते त्या बिंदूला एपेक्स. या भूमितीचा शास्त्रशुद्ध विचार मांडणाऱ्यांत इटलीचे पिएरो तारुफी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. ते शिक्षणाने इंजिनिअर होते, 1957 साली इटलीतील मिल्ले मिलिया ही सुप्रसिद्ध शर्यत त्यांनी जिंकली, आणि नंतर शर्यतीच्या तंत्रावर एक सविस्तर ग्रंथ लिहिला. वळणाचे कोष्टक मांडून बसणारा विजेता, ही कल्पना ज्यांना रुक्ष वाटते त्यांनी त्यांचे पुस्तक अवश्य चाळावे.

येथे एक इशारा देणे प्राप्त आहे. हा सगळा हिशेब बंद मार्गाचा, जेथे समोरून कोणी येत नाही. आपल्या घाटात रस्त्याचा अर्धा भाग समोरून येणाऱ्या ट्रकच्या मालकीचा असतो, आणि तो उसना घेण्याची सनद कोणाला नाही. घाटातील शहाणा चालक आपल्या अर्ध्या भागातच हा खेळ खेळतो. म्हणून त्याची कमाई लहान असते, आणि तो घरी पोहोचतो.

पावसात आणखी एक गंमत होते. कोरड्या दिवसांत सर्व गाड्या ज्या वाटेने जातात, ती वाट टायरांच्या रबराने आणि तेलाच्या अंशाने गुळगुळीत झालेली असते, आणि पाणी पडले की तीच सर्वांत निसरडी ठरते. मग जाणते चालक भूमितीने वाईट असलेली बाहेरची, खडबडीत वाट पत्करतात. तेथे त्रिज्या कमी मिळते, पण पकड जास्त.

वळण कशासाठी असते

एपेक्स बरोबर मध्यावर घेतला म्हणजे वळणातला वेग सर्वाधिक मिळतो, हे वर पाहिले. तरीही जगातील उत्तम चालक बहुतेक वळणांवर मध्याच्या पुढे, जरा उशिरानेच, आतल्या काठाला शिवतात. वळणातला वेग जाणूनबुजून थोडा सोडून द्यावयाचा, हे वरवर पाहता आतबट्ट्याचे वाटते. पण फेरीतील बराच मोठा वेळ वळणात नव्हे, तर वळणांमधल्या सरळ भागांवर जात असतो, आणि सरळ भागावरचा वेग ठरतो तो त्याच्या आधीच्या वळणातून गाडी कोणत्या गतीने सुटली यावर.

उशिरा एपेक्स घेणारा चालक सुरुवातीलाच, वेग सर्वांत कमी असताना, गाडी अधिक वळवून घेतो. त्यामुळे वळणाचा उत्तरार्ध त्याच्यापुढे उघडत जातो, वळण्याचा खर्च झपाट्याने उतरतो, आणि मोकळी होणारी रक्कम तो ॲक्सिलरेटरच्या खात्यावर टाकू शकतो. ज्याने एपेक्स फार लवकर घेतला त्याचे नेमके उलटे होते: आत शिरताना वेग छान वाटतो, पण उत्तरार्धात रस्ता संपत येतो, वळण्याची मागणी वाढत जाते, आणि ज्या क्षणी ॲक्सिलरेटर दाबावयाचा त्या क्षणी तो सोडावा लागतो. नवशिक्यांचे बहुसंख्य अपघात वळणाच्या तोंडाशी नव्हे, तर शेवटी, बाहेरच्या काठावर होतात, त्याचे कारण हे.

आकडे घालून पाहू. वळणापूर्वीच्या सरळ रस्त्यावर ताशी 200 किलोमीटर वेगाने आलेली गाडी 90 वर आणावयाची आहे. ब्रेक लावण्याची खूण चालकाने छातीठोकपणे 5 मीटर पुढे सरकवली, आणि बाकी सर्व तसेच साधले, तर त्याचा लाभ होतो सुमारे एका सेकंदाच्या दहाव्या भागाचा. आता वळणानंतर एक किलोमीटरचा सरळ रस्ता आहे असे समजा. त्यावर सरासरी ताशी 180 ऐवजी 185 किलोमीटर वेग राहिला तर अर्ध्या सेकंदाहून किंचित अधिक वाचतो. वेग वाढत जातो तसतसा हा फरक पुसट होतो हे खरे. निम्मा लाभ वजा केला तरी उरलेला पाव सेकंद उशिरा ब्रेक लावण्याच्या पराक्रमाहून दुपटीपेक्षा मोठा. प्रेक्षकांच्या टाळ्या उशिरा ब्रेक लावणाऱ्याला मिळतात. घड्याळ लवकर ॲक्सिलरेटर दाबणाऱ्याला बक्षीस देते.

म्हणून सगळी वळणे सारख्या तोलाची मानता येत नाहीत. न्यूर्बुर्गरिंगवर बेर्गवेर्क नावाचे उजवीकडचे आवळ वळण आहे. त्याच्या पुढे रस्ता कितीतरी अंतर चढतच जातो, आणि चढावर गेलेला वेग परत मिळवणे दुरापास्त. तेथे शिरताना हावरेपणा केला की त्याची वसुली पुढचा सगळा चढ करीत राहतो. आपल्याकडे ग्रेटर नोएडा येथील बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर, जेथे 2011 ते 2013 अशी तीन वर्षे फॉर्म्युला वन शर्यती झाल्या, तिसऱ्या वळणाची जातकुळी हीच आहे: चढून जाऊन आवळ वळावयाचे, आणि लगेच पुढे एक किलोमीटरहून लांब सरळ रस्ता. याउलट ज्या वळणानंतर लागलीच दुसरे वळण येते, तेथे पहिल्यातून वेगाने सुटून उपयोग नाही. तेथे पहिल्याचा बळी देऊन दुसऱ्याची तोंडमिळवणी करावी लागते. दोन-तीन वळणांची साखळी असली की चालक ती शेवटच्या वळणापासून उलटी सोडवीत येतो.

वजनाची ने-आण

आतापर्यंत चारही टायरांचे उत्पन्न आपण एकत्र धरले. वस्तुतः प्रत्येक टायराचे खाते स्वतंत्र असते, आणि त्यातील जमा त्या टायरावर त्या क्षणी किती भार आहे यावर अवलंबून असते. ब्रेक लावला म्हणजे आपण पुढे झुकतो. गाडीचा भारही तसाच पुढच्या चाकांकडे जातो. हजार किलो वजनाची एक गाडी घ्या, जिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून 50 सेंटिमीटर उंच आहे आणि जिच्या पुढच्या व मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर आहे. स्थिर असताना पुढे 500 आणि मागे 500 किलो भार असेल, तर पुऱ्या जोराने ब्रेक लावताच पुढे 700 आणि मागे अवघा 300 राहतो. ॲक्सिलरेटर दाबला की ही ने-आण उलट दिशेने होते. वळणात ती आतल्या चाकांकडून बाहेरच्या चाकांकडे.

या ने-आणीत थोडी खोट बसतेच, कारण टायरावरचा भार दुप्पट झाला तरी त्याची पकड दुप्पट होत नाही, जरा कमीच वाढते. भार जितका विषम वाटला जाईल, तितके चौघांचे मिळून उत्पन्न घटते. म्हणूनच उत्कृष्ट चालकाच्या हातापायांत घाई दिसत नाही. तो ब्रेक चटकन पण दाबत नेतो, दणका देत नाही. स्टिअरिंग फिरवतो पण हिसकत नाही. गाडी स्प्रिंगांवर डोलू लागली की भार एका चाकावरून दुसऱ्यावर हेलकावे खातो, आणि कोणत्या टायराच्या खात्यात या क्षणी किती शिल्लक आहे हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

पण हीच ने-आण चालकाच्या हातातले हत्यारही आहे. वळणात शिरताना ब्रेक हलकेच दाबून ठेवला तर पुढच्या टायरांवर भार राहतो, आणि ती नेमकी वळण्याची वेळ असल्यामुळे गाडीचे नाक तत्परतेने आत येते. स्टिअरिंग जसजसे फिरत जाते तसतसा ब्रेक सुटत जातो, आणि ब्रेकच्या खात्यातून निघालेला प्रत्येक पैसा वळण्याच्या खात्यात जमा होतो. शर्यतीच्या परिभाषेत याला ट्रेल ब्रेकिंग म्हणतात; माझ्या दृष्टीने ही सबंध विद्येतील सर्वांत नाजूक क्रिया, कारण येथे पायाला ब्रेक दाबण्यापेक्षा तो सोडणे शिकावे लागते.

याच्या विरुद्ध, भर वळणात भ्यालेल्या मनुष्याचा पाय ॲक्सिलरेटरवरून एकदम उचलला जातो. निसर्गतः हेच होणार. पण त्या क्षणी भार पुढे धावतो, मागची चाके हलकी होतात, आणि वळण्यासाठी जेवढी पकड त्यांना हवी असते तेवढीही उरत नाही. गाडी गिरकी घेते. वेग कमी करण्याच्या सद्बुद्धीनेच घात होतो, ही या विद्येतील क्रूर थट्टा आहे.

चौकट: एका वळणाची कैफियत

बाहेरच्या काठावरून येणे. सरळ रस्त्यावर ब्रेकचा बहुतांश भाग उरकणे, आणि त्यातच गिअर उतरवणे. ब्रेक सोडत सोडत गाडी आत वळवणे. मध्याच्या किंचित पुढे आतल्या काठाला शिवणे, आणि तेथून नजर बाहेरच्या काठावर नेणे. स्टिअरिंग जितके सरळ होईल तितकाच ॲक्सिलरेटर दाबणे, आणि गाडीला रस्त्याची सगळी रुंदी वापरू देणे. बाहेर पडताना काठ गाठण्याची गरजच पडली नाही, तर आत शिरतानाचा वेग कमी होता असे समजावे. काठ अपुरा पडला, तर एपेक्स लवकर घेतला होता.

पाय आणि डोळे

गिअरांविषयी थोडक्यात. ब्रेक लावत असताना खालचा गिअर टाकला की इंजिनाला अधिक वेगाने फिरावे लागते. ती फिरण्याची शक्ती इंजिनाने स्वतः दिली नाही, तर ती मागच्या चाकांकडून ओढून घेतली जाते, आणि आधीच हलक्या झालेल्या मागच्या टायरांवर अवचित बोजा पडतो. म्हणून चालक उजव्या पायाच्या पुढच्या भागाने ब्रेक दाबून ठेवतो आणि त्याच पायाच्या कडेने किंवा टाचेने ॲक्सिलरेटरला क्षणभर हूल देतो. हल्लीच्या शर्यतीच्या गाड्यांत हे काम यंत्रेच परस्पर करतात.

डोळ्यांचे काम मात्र कोणत्याही यंत्राकडे सोपवता आलेले नाही. ताशी 150 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे 42 मीटर जाते; ज्या गोष्टीकडे चालक पाहत असतो ती जवळची असेल, तर तिच्याबाबत काही करण्याची वेळ केव्हाच निघून गेलेली असते. म्हणून तो वळणाच्या तोंडाशी पोहोचण्यापूर्वीच एपेक्सकडे पाहतो, आणि एपेक्सला पोहोचण्यापूर्वी बाहेर पडण्याच्या जागेकडे. जेथे पुढचे दिसतच नाही, तेथे स्मरणशक्ती डोळ्यांचे काम करते. न्यूर्बुर्गरिंगवर कारुसेल नावाचे प्रसिद्ध वळण आहे, ज्याच्या आतल्या अंगाला काँक्रीटचा एक उतरता पट्टा आहे. त्या तिरप्या पट्ट्यात चाके घातली की भिंतीसारखा आधार मिळून गाडी अधिक वेगाने वळते. परंतु वर चढत येणाऱ्या चालकाला तो पट्टा शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. समोरच्या सर्वांत उंच झाडावर नेम धरावा, असा सल्ला फँजिओ यांनी एका तरुण चालकाला दिला होता अशी आख्यायिका आहे. ब्रेकची खूण म्हणून झाड, फलक, डांबराचे ठिगळ, काहीही चालते. अट एवढीच की ते पुढच्या फेरीला जागेवर असावे. सावलीवर भरवसा ठेवणारे पस्तावतात.

आठ सेकंदांची खतावणी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. फँजिओ यांनी 22 फेऱ्यांची ती शर्यत अर्ध्याच टाकीने सुरू केली होती. हलकी गाडी आणि मऊ टायर यांच्या बळावर आघाडी घ्यावयाची, मध्ये थांबून इंधन आणि टायर घ्यावयाचे, आणि पुढे निघावयाचे, असा मनसुबा होता. बाराव्या फेरीअखेर ते थांबले तेव्हा त्यांच्याजवळ सुमारे अर्ध्या मिनिटाची आघाडी होती. पण टायर बदलण्याचे काम लांबले, आणि ते निघाले तेव्हा फेरारीचे दोघे इंग्रज चालक, माइक हॉथॉर्न आणि पीटर कॉलिन्स, त्यांच्यापुढे पाऊण मिनिटाच्या अंतरावर होते. त्यानंतर फेरीमागून फेरी त्यांनी मार्गाचा उच्चांक मोडीत नेला, एकविसाव्या फेरीत दोघांनाही मागे टाकले, आणि 3.6 सेकंदांनी शर्यत जिंकली. पाचवे जगज्जेतेपद त्याच दिवशी पक्के झाले. जगज्जेतेपदाच्या मालिकेतली ती त्यांची अखेरची ग्रां प्री जीत.

नव्या टायरांचा वाटा या आठ सेकंदांत असेलच. पण स्वतः फँजिओ यांनी नंतर जे सांगितले ते वेगळ्याच गोष्टीकडे बोट दाखवते: एरवी जी वळणे ते खालच्या गिअरमध्ये घेत, त्यांतली अनेक त्या दिवशी त्यांनी एक गिअर वर ठेवून घेतली. वरच्या गिअरमध्ये चाकांवर येणारा इंजिनाचा जोर कमी असतो; म्हणून पाय लवकर आणि पुरा दाबता येतो, मागची चाके घसरण्याची भीती घटते, आणि सरळ रस्त्यावर येताच गिअर बदलण्यात वेळ जात नाही. मात्र ही सवलत मिळते ती वळणात मुळात वेग अधिक राखला असेल तरच. तो कमी पडला तर त्या गिअरमध्ये इंजिन मरगळते आणि सगळा व्यवहार तोट्यात जातो. म्हणजे प्रत्येक वळणात थोडी जास्त गती नेणे भाग पडले. किती जास्त? आठ सेकंद पावणेदोनशे वळणांवर वाटले, तर दर वळणामागे एका सेकंदाचा विसावा भागही येत नाही.

हा विसावा भाग कोठून काढला, हे हिशेबाने उघड आहे. कोणताही शहाणा चालक पकडीचे सगळे उत्पन्न कधीच खर्च करीत नाही. रस्त्यावर वाळू असेल, पुढच्या गाडीने तेल सांडले असेल, आपलाच अंदाज चुकेल, यांसाठी तो थोडी रक्कम राखून ठेवतो. सरावात सर्वांत जलद फेरी करतानाही फँजिओ यांनी ती राखली होती. शर्यतीच्या उत्तरार्धात त्यांनी ती राखीव रक्कम वळणावळणाला मोडली. असे पुन्हा कधी चालवण्याची आपली इच्छा नाही, असे ते पुढे सांगत, आणि पुढच्याच वर्षी ते निवृत्त झाले.

जेथे उत्पन्नच वाढते

फँजिओ यांच्या गाडीला पंख नव्हते. 1960 नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात शर्यतीच्या गाड्यांवर विमानाच्या पंखासारख्या, पण उलट्या बसवलेल्या पट्ट्या आल्या. वाहत्या हवेने त्या गाडीला वर उचलण्याऐवजी खाली दाबतात. वजन न वाढवता टायरांवरचा भार वाढवण्याची ही युक्ती, आणि हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे येथे पकडीचे उत्पन्न ठरीव राहिले नाही. वेगाबरोबर ते वाढू लागले.

वर सांगितलेली भूमिती आणि भाराची ने-आण या गाड्यांतही तशीच आहे, पण त्यांचे वर्तन साध्या मोटारीवर शिकलेल्याला सुरुवातीस भुताटकीचे वाटते. जलद वळणात तो सावधपणाने वेग कमी करतो, आणि त्याबरोबर हवेचा दाब कमी होऊन गाडी अधिकच घसरू लागते. ब्रेकचेही तसेच: ताशी 300 किलोमीटर वेगाने धावत असताना पकड सर्वाधिक असते, म्हणून पहिल्या क्षणीच पेडल सर्व ताकदीने दाबावयाचे, आणि वेग उतरत जाईल तसतसे ते सोडत आणावयाचे. तोच दाब शेवटपर्यंत ठेवला, तर उत्पन्न आटल्यामुळे चाके वळणाच्या तोंडाशी अडकून पडतात, टायरांतून निळसर धूर निघतो, आणि गाडी एपेक्स सोडून सरळ निघून जाते.